रोमचे रथ आणि मराठवाड्याचा शंकरपट : ‘भाकर आणि खेळ’ या टीकेची चिकित्सा

प्रस्तावना

गावात शंकरपट भरला, पंचक्रोशीतील तरुण तिकडे लोटले आणि महाविद्यालयाचे वर्ग ओस पडले, की सुशिक्षित वर्तुळात एक शेरा हमखास ऐकू येतो : लोकांना खायला भाकर आणि बघायला खेळ मिळाला की बाकी कशाचीच फिकीर उरत नाही. हा शेरा मूळचा मराठी नव्हे. रोमन कवी जुव्हेनल याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या दहाव्या उपरोधिकेत तो येतो. एकेकाळी सेनापतिपदे व सत्तास्थाने बहाल करणारी रोमची जनता आता केवळ धान्य आणि रथांच्या शर्यती या दोनच गोष्टींची आस धरून बसली आहे, असा त्याचा टोमणा आहे. तो इतका नेमका आहे की गेली एकोणीस शतके जगातील कोणत्याही गर्दीला तो चिकटविला जातो. बीड जिल्ह्यातील पटाच्या गर्दीलाही तो चिकटविला जातो. प्रश्न एवढाच की तो तेथे बसतो काय?

बैलांच्या शर्यतींवरील कायदेशीर वाद १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेल्या निकालानंतर बराचसा शमला आहे. मात्र त्या वादात दोन्ही बाजूंनी जी भाषा वापरली गेली तिची चिकित्सा झालेली नाही. एका बाजूने परंपरा हा शब्द पुढे केला, दुसऱ्या बाजूने क्रौर्य हा शब्द. या दोहोंच्या मध्ये जुव्हेनलचा उसना शेरा येतो. प्रस्तुत लेखात रोमन रथशर्यतीविषयीचे तत्कालीन लेखन आणि शंकरपट एकमेकांसमोर ठेवून या भाषेचा विचार केला आहे.

रोमन लेखकांची नजर

पॅलाटाइन आणि अव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधील दरीत वसलेले सर्कस मॅक्सिमस हे रोमचे सर्वांत मोठे क्रीडास्थान होते. सुमारे सहाशे मीटर लांबीच्या या मैदानाभोवती आधुनिक अभ्यासकांच्या अंदाजानुसार दीड लाखांच्या आसपास प्रेक्षक बसत. बारा फाटकांतून रथ सुटत, मधल्या कट्ट्याभोवती सात फेरे घेत. बहुतेक रथ चार घोड्यांचे असत. वळणावर चाक खांबाला घासले की रथ उलटे आणि लगाम कमरेला गुंडाळलेला सारथी फरफटत जाई. रथांचे चार पक्ष होते : तांबडा, पांढरा, निळा व हिरवा. प्रेक्षक स्वतःला या रंगांपैकी एकाचे म्हणवून घेत. सारथी पुष्कळदा गुलाम किंवा दास्यमुक्त असत आणि प्रवेशाला मूल्य नसे. शर्यतींचा खर्च राज्याचे अधिकारी व पुढे प्रामुख्याने सम्राट करीत.

या शर्यतींविषयी लिहिणारे बहुतेक लेखक प्रेक्षकांच्या गर्दीत मनाने सामील नव्हते, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. धाकटा प्लिनी आपल्या एका पत्रात सांगतो की शर्यतींच्या दिवसांत तो ग्रंथवाचनात रमला. हजारो प्रौढ माणसे लहान मुलांसारखी पुन्हा पुन्हा धावणारे घोडे बघायला का जातात, हे त्याला कळत नाही. घोड्यांचा वेग किंवा सारथ्याचे कौशल्य यांची ओढ असती तर एक वेळ समजता आले असते. परंतु हे लोक कापडाच्या रंगावर प्रेम करतात आणि भर शर्यतीत रंगांची अदलाबदल केली तर त्यांचे प्रेमही त्या रंगाबरोबर जाईल, असा त्याचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद बुद्धिमान आहे. त्यातील तुच्छता मात्र लपत नाही. सुटीच्या दिवशी आपण पुस्तक वाचीत होतो हे सांगण्याचा आनंद प्रत्येक काळातील प्राध्यापकाला ओळखीचा वाटावा.

जुव्हेनल अकराव्या उपरोधिकेत पुन्हा याच विषयाकडे वळतो. हिरवा पक्ष हरला तर कॅनीच्या रणांगणावर पराभव व्हावा तशी नगरी शोकात बुडेल, असे तो म्हणतो. मार्शल या सूक्तिकाराची भूमिका थोडी निराळी आहे. सव्विसाव्या वर्षी मरण पावलेल्या स्कॉर्पस या सारथ्यावर त्याने लिहिले. नियतीने त्याचे विजय मोजले आणि तो म्हातारा झाला असे समजून त्याला उचलले, अशी त्यातील कल्पना आहे. पण तोच मार्शल अन्यत्र कुरकुरतो की कवीला दिवसभर राबून चिल्लर मिळते आणि स्कॉर्पस एका तासात सोन्याच्या पंधरा थैल्या नेतो. आपली कीर्ती देशोदेशी पोहोचली तरी ती अँड्रीमॉन नावाच्या शर्यतीच्या घोड्याहून अधिक नाही, हीही त्याचीच विनोदी कबुली. ओव्हिडला तर शर्यतीशी फारसे देणेघेणे नाही. स्त्रीपुरुष शेजारी बसू शकतात ही त्याच्या दृष्टीने सर्कसची खरी सोय!

या लेखनात घोडा येतो तो उपमेसाठी किंवा विनोदासाठी. सारथी येतो तो कवीच्या दारिद्र्याशी तुलना करण्यासाठी. गर्दी येते ती निंदेसाठी. शर्यत प्रत्यक्ष कोणाच्या श्रमावर उभी आहे, हा प्रश्न या अभिजात लेखनाला पडत नाही.

शिलालेख आणि शापपत्रे

तो पडतो अन्यत्र. ल्युसिटेनिया प्रांतातून आलेला गायस अपुलियस डायोक्लीस हा सारथी चोवीस वर्षे रथ हाकून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या गौरवार्थ कोरलेल्या लेखात ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय आणि ३,५८,६३,१२० सेस्टर्स एवढी बक्षिसाची रक्कम नोंदविली आहे. त्याहून लक्षणीय बाब अशी की किती वेळा आरंभापासून आघाडी घेऊन जिंकला, किती वेळा शेवटी मुसंडी मारून जिंकला, कोणते घोडे जोडून जिंकला, याचाही हिशोब त्यात आहे. घोड्यांची नावे आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज व हाड्रुमेटम येथे सापडलेल्या शिशाच्या पत्र्यांवर प्रतिपक्षाच्या सारथ्यांना व घोड्यांना उद्देशून शाप कोरलेले आहेत. तेथेही घोड्यांना नावाने पुकारलेले आहे. ज्याला शाप द्यायचा त्याचे नाव ठाऊक असावे लागते.

म्हणजे प्लिनीचे म्हणणे निदान अपुरे ठरते. गर्दीतील काही माणसांना तरी वेग कळत होता, कौशल्य कळत होते, घोडा कळत होता. ते ज्ञान ग्रंथात न जाता दगडावर आणि शिशावर गेले, इतकेच. सर्कसवरील टीका सुशिक्षितांनी लिहिली आणि म्हणून तीच टिकली, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे. शंकरपटाकडे जुव्हेनलच्या चष्म्यातून पाहणाऱ्या अभ्यासकाने हा धोका ध्यानात ठेवावा.

मात्र जुव्हेनलचा टोमणा केवळ तुच्छतेतून आलेला नाही. त्याच्या ओळीतील ‘भाकर’ प्रत्यक्ष होती. ऑगस्टसच्या काळात रोममधील सुमारे दोन लाख नागरिकांना दरमहा राज्याकडून धान्य मिळत असे. धान्य इजिप्त व आफ्रिका प्रांतांतील शेतकऱ्यांनी पिकविलेले, घोडे मोठ्या प्रमाणावर हिस्पानिया व आफ्रिका येथील, आणि सारथी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीचा. घेणारा आणि बघणारा तेवढा रोमन. जुव्हेनलची टीका या विशिष्ट रचनेवर आहे. गर्दी जमली एवढ्यावरून ती लावता येत नाही.

शंकरपटाची घडण

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीची रूपे भिन्न आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात घाटातला बैलगाडा असतो : चार बैल, पुढे घोडी आणि चढणीवरची धाव. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात अनेक छकड्या एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या होतात. विदर्भ व मराठवाड्यात शंकरपट. येथे हलक्या दोनचाकी गाडीला एक जोडी जुंपतात, हाकणारा वर बसतो आणि ठरावीक अंतर कापायला लागलेला वेळ घड्याळावर सेकंदाच्या अंशापर्यंत मोजला जातो. दोन जोड्या शेजारून सोडल्या तरी खरी स्पर्धा घड्याळाशीच. रोमन मैदानात दुसऱ्याचा रथ उलटविणे हाही विजयाचा मार्ग होता. पटात त्याला वाव नाही.

प्लिनीची कसोटी येथे लावून पाहण्यासारखी आहे. पटात रंग नाहीत. पुकारणारा बैलाचे नाव, मालकाचे नाव आणि गावाचे नाव घेतो. नाणावलेला बैल विकला गेला तर त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते आणि चाहत्यांची नजरही. बैलाचे दात, खूर, शिंगांची ठेवण, उजवीकडे चालतो की डावीकडे, जोडीदाराला सांभाळून घेतो की ओढून नेतो, यांवर पारावर तासन्‌तास चर्चा होते. कापडावर प्रेम करणाऱ्यांची ही चर्चा नव्हे. दुसरा भेद त्याहून मूलगामी आहे. पटातील बैल हाकणाऱ्याच्या किंवा त्याच्या भावकीतल्या कोणाच्या तरी दावणीचा असतो आणि प्रेक्षक स्वतः शेतकरी असतो. त्याला भाकर कोणी वाटत नाही. ज्वारी-बाजरी तोच पिकवितो, आणि अवर्षणाच्या वर्षी तीही हाती लागत नाही. अशा माणसाला रोमच्या धान्यभोगी नागरिकाच्या रांगेत बसविणे हा इतिहासाचा अपलाप होय.

याचा अर्थ पट निर्दोष आहे असा नाही. आर लावलेली पराणी, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका या गोष्टी कल्पित नव्हेत. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांत केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील शर्यतीही बेकायदा ठरविल्या, त्यामागे अशा वेदनेची नोंद होती. बैल हा घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, हे त्या निकालातील प्रतिपादन शर्यतीच्या समर्थकांनी शांतपणे वाचावे असे आहे. दावणीच्या बैलावरील प्रेम आणि त्याला दिलेली टोचणी एकाच हाताची असू शकते.

प्राचीनतेचा दावा

२०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिला प्रथम उच्च न्यायालयात अडसर आला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक व विजेच्या उपकरणांस मनाई आणि उल्लंघनास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी ही रचना आहे. दुरुस्तीतील व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही मराठी नावे येतात, हे भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे. शर्यतीचा हेतू म्हणून तेथे परंपरा व संस्कृतीचे पालन सांगितले आहे. घटनापीठाने जल्लीकट्टूच्या संदर्भात, एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही याच्या सखोल तपासात न शिरता विधिमंडळाचे मत मान्य केले. म्हणजे न्यायालयाने परंपरा सिद्ध केली नाही. विधिमंडळाच्या शब्दावर सोडली. व्यासपीठांवरून मात्र ‘न्यायालयाने परंपरेवर शिक्कामोर्तब केले’ असेच सांगितले जाते.

प्राचीनतेचे पुरावे शोधायचे तर ते आहेत, आणि मोहक आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे दोनाव्या सूक्तात मुद्गल आणि मुद्गलानी यांची कथा येते. तेथे रथाला बैल जुंपलेला आहे आणि रथ हाकणारी स्त्री आहे. ऐतरेय ब्राह्मणात देवांची शर्यत आहे, तीत अश्विनीकुमार गाढवांच्या रथाने जिंकतात. बीडच्या शेजारी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवराकाठी दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या धातुशिल्पांतील एक शिल्प तर पटाच्या मैदानातूनच उचलल्यासारखे दिसते : दोन बैलांचा हलका रथ आणि हातात काठी घेतलेला उभा पुरुष. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेकांच्या मते ते उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे.

परंतु दायमाबादचा पुरुष शर्यतीत आहे, मिरवणुकीत आहे की देवतारूप आहे, हे शिल्प सांगत नाही. मुद्गलानीचा वारसा सांगायचा तर आज पटात गाडी हाकणारा बहुतांशी पुरुषच का, याचेही उत्तर द्यावे लागेल. पूर्वजांकडून सोयीचे तेवढे घ्यायचे आणि त्याला संस्कृती म्हणायचे, ही पद्धत अभ्यासाची नव्हे.

बक्षीस

रोमशी असलेले शंकरपटाचे साम्य त्याच्या मुळात नसून त्याच्या आजच्या वाटचालीत आहे. पूर्वीच्या पटात बक्षीस म्हणजे फेटा, भांडे, चांदीचे कडे, फार तर काही हजारांची रक्कम. शर्यत ग्रामदैवताच्या यात्रेला जोडलेली आणि खर्च गावच्या वर्गणीचा. २०२१ नंतर चित्र झपाट्याने पालटले. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे भरलेल्या बैलगाडा शर्यतीत पहिल्या क्रमांकासाठी जेसीबी यंत्र ठेवले होते. ट्रॅक्टर, चारचाकी व दुचाकी वाहने ही आता मोठ्या मैदानांची नेहमीची बक्षिसे झाली आहेत. मैदानाच्या कमानीवर ग्रामदैवतापेक्षा नेत्याचे छायाचित्र मोठे असते आणि मैदान ‘भव्य’ ठरते ते बक्षिसाच्या एकूण रकमेवरून. आता देणारा वेगळा आणि बघणारा वेगळा झाला. येथे मात्र जुव्हेनल आठवणे गैर नाही.

बैलाने जिंकून मालकाला ट्रॅक्टर मिळवून द्यावा, यातील विसंगती मराठी वाचकाला आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीपाशी नेते. तेथे नारबा या सालगड्याचे जग म्हणजे मळ्यातली जनावरे. मालकाचा ट्रॅक्टर येतो आणि ते जग एकेक करून रिकामे होत जाते. कादंबरीत ट्रॅक्टर हा बैलाचा शेवट आहे. मैदानात तो बैलाचे पारितोषिक आहे. नारबा जनावरांविषयी मालकीच्या भाषेत बोलूच शकत नाही, कारण त्याच्या मालकीचे काही नाही. त्याच्यासारखा गडी आजच्या महागड्या शर्यतीच्या बैलामागेही असतो. तो बैल धुतो, खुराक घालतो, मैदानात कासरा धरून उभा राहतो. विजयाच्या छायाचित्रात तो बहुधा कडेला असतो. डायोक्लीसच्या शिलालेखात घोड्यांची नावे आली. घोडे सांभाळणाऱ्यांची आली नाहीत.

शर्यतीमुळे देशी गोवंश टिकतो, हा समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. त्यात तथ्य आहे, पण ते खिलारपुरते. मराठवाड्याचे स्वतःचे गोवंश म्हणजे देवणी आणि लाल कंधारी. काळ्या जमिनीत औत ओढण्यासाठी घडलेले हे बैल शर्यतीच्या बाजारात मागे पडतात. पटाच्या लोकप्रियतेने बीडच्या दावणीत माणदेशाकडचा बैल आला म्हणून लाल कंधारीचे रक्षण झाले असे म्हणता येत नाही. त्यात २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी असल्याने थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही. नामांकित बैलाला लाखांची किंमत आणि शेजारच्या दावणीतल्या म्हाताऱ्या बैलाला कवडीचेही मोल नाही, असा हा बाजार आहे.

मैदानात नसलेले

बीड जिल्ह्याच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अद्याप राहिली आहे. पटाचे दिवस म्हणजे सुगीनंतरचे, पौष-माघापासून चैत्रापर्यंतचे. याच दिवसांत धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील गावेच्या गावे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघालेला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, पाडव्याच्या पुढेमागे परततो. त्यांतील गाडी सेंटरवाले आपली बैलजोडी बरोबर नेतात, आणि ती पुष्कळदा उचलीच्या पैशांतूनच घेतलेली असते. आजही या जिल्ह्यात जो माणूस खऱ्या अर्थाने बैलावर जगतो तो पटाच्या मैदानात प्रेक्षक म्हणूनही हजर नसतो.

त्याचा बैल रात्री-अपरात्री टायरगाडी भरून कारखान्याच्या रस्त्याला लागलेला असतो. उसाने शिगोशीग भरलेली गाडी उतारावर मागून रेटते तेव्हा जोखड मानेत रुतते आणि डांबरावर खूर घसरतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्रीय नियम आहेत : दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात दुपारी बारा ते तीन जुंपणे नको, वजनाला मर्यादा. शर्यतीच्या वादात या नियमांचा उल्लेख क्वचितच होतो. पटातला बैल काही सेकंद धावतो आणि त्याच्यासाठी घटनापीठ बसते. उसातला बैल पाच महिने ओढतो आणि तो चर्चेचा विषय होत नाही. यावरून शर्यतीतील क्रौर्य क्षम्य ठरत नाही. क्रौर्य जेथे प्रदर्शन होते तेथेच ते सुशिक्षितांना दिसते, एवढे मात्र ठरते. हीच प्लिनीची मर्यादा होती. त्याला सर्कसमधली गर्दी खटकली. तिला पोसणारे धान्य पिकविणाऱ्यांविषयी त्या पत्रात एक शब्द नाही.

गाडीवानाला आपली जोडी कमी दमवायची असते, कारण ती मेली तर उचल फिटत नाही. पण खेपा कमी केल्या तरीही उचल फिटत नाही. पट्टा पडल्यावर हिशोब होतो, फिरलेल्या उचलीपोटी पुष्कळदा तीच जोडी बाजारात उभी राहते आणि पुढल्या दिवाळीला नवी घेतली जाते. परतलेल्या गाडीवानाच्या पोराला पटातल्या बैलांची नावे मोबाईलवरच्या चित्रफितींमुळे तोंडपाठ असतात. त्याच्या बापाच्या बैलांनाही नावे असतात, आणि ती घरापुरती राहतात.